एकाच ढगाखालचे दोन खंदक : ईप्र, २४ एप्रिल १९१५

पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या ईशान्येला, ग्राव्हनस्टाफेलच्या टेकाडाजवळ, २४ एप्रिल १९१५ च्या पहाटे चार वाजता जर्मनांनी क्लोरीन या विषारी वायूच्या नळकांड्या उघडल्या. माणसाच्या दुप्पट उंचीची हिरवट-पिवळी भिंत वाऱ्यासोबत सरकत आली. जेमतेम किलोमीटरभर रुंदीच्या त्या ढगाखाली कॅनडाच्या दोन शेजारी बटालियन सापडल्या. डावीकडे टोरोंटोची १५ वी, उजवीकडे विनिपेगची ८ वी.

दोघींचं जवळजवळ सगळं सारखं होतं. दोन्ही बटालियन एकाच डिव्हिजनच्या, एकाच वर्षी उभ्या राहिलेल्या. रायफल तीच, फ्रान्समधला अनुभव दोनेक महिन्यांचा, आणि तोंडावर धरायला तेच ओलं फडकं. तरीही सकाळ संपायच्या आत १५ व्या बटालियनची फळी फुटली. तिच्या पुढच्या खंदकातले बहुतेक सैनिक मेले, जायबंदी झाले किंवा कैद झाले. ८ वी मात्र दिवसभर जागेवर राहिली आणि पुढची रात्रही तिने तिथेच काढली.

या लढाईची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगतात: विषारी वायूसमोर कॅनडाचे सैनिक डगमगले नाहीत. वाक्य खरं आहे. पण एक खंदक टिकला आणि शेजारचा फुटला, याचं उत्तर त्यात नाही. ते शौर्यात शोधलं तर १५ व्या बटालियनवर अन्याय होतो. म्हणून या प्रकरणात मी त्या पहाटेकडे तोफा, रायफली आणि निरोप या तीन अंगांनी पाहिलं आहे.

जागा आणि माणसं

कॅनडाची पहिली डिव्हिजन म्हणजे सुमारे १८,००० माणसं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं, क्वेबेकजवळच्या व्हॅलकार्टियर छावणीत घाईघाईने भरती गोळा झाली आणि ऑक्टोबरमध्ये जहाजं इंग्लंडला निघाली. यातले निम्म्याहून अधिक जण जन्माने ब्रिटिशच होते, कामधंद्यासाठी कॅनडात जाऊन स्थिरावलेले. सॉल्सबरीच्या मैदानावर त्यांनी हिवाळाभर पावसात आणि चिखलात कवायत केली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये ते फ्रान्सला पोचले. डिव्हिजनचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एडविन आल्डरसन ब्रिटिश होते. पण ब्रिगेड सांभाळणारे कॅनडाचे नागरी सैनिक होते. दुसऱ्या ब्रिगेडचे आर्थर करी ब्रिटिश कोलंबियात आधी शाळामास्तर होते, मग जमीनजुमल्याचे व्यवहार करायचे. तिसऱ्या ब्रिगेडचे रिचर्ड टर्नर क्वेबेकच्या व्यापारी घरातले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं होतं.

एप्रिलच्या मध्यावर या डिव्हिजनने ईप्रच्या पुढचा सुमारे चार किलोमीटरचा भाग फ्रेंचांकडून ताब्यात घेतला. ईप्रची फळी शत्रूच्या मुलखात फुगवट्यासारखी घुसली होती, त्यामुळे आतल्या माणसाला तीन बाजूंनी तोफांचा मारा बसे. खंदक म्हणावेत असे खंदक तिथे नव्हतेच. फ्लँडर्सची जमीन सखल, हातभर खणलं की पाणी लागतं. म्हणून खोल चर खणण्याऐवजी जमिनीवर मातीचे बांध घातलेले. ते जागोजागी तुटलेले आणि एकमेकांना न जोडलेले. काही ठिकाणी ते इतके पातळ होते की गोळी आरपार जाई. बांधाच्या मातीत आधीच्या लढायांतली प्रेतं होती. फ्रेंचांची पद्धत अशी की पुढची फळी हलकी ठेवायची आणि भरवसा मागच्या तोफांवर. ती त्यांच्या जलद तोफांना शोभणारी होती. कॅनडाच्या सैनिकांना हुकूम मात्र इंचभरही न हटण्याचा होता. तसं लढायचं तर खंदक पक्के हवेत. कॅनेडियन कामाला लागले, पण हाताशी आठवडासुद्धा नव्हता.

पहिला ढग

२२ एप्रिलची संध्याकाळ, पाचचा सुमार. जर्मनांनी स्टीनस्ट्राट ते पोलकापेल या साधारण सहा किलोमीटरच्या पट्ट्यात ५,७०० हून अधिक नळकांड्यांतून दीडशे टनांपेक्षा जास्त क्लोरीन सोडला. या कामाची देखरेख रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्याकडे होती. वारा मनासारखा मिळेना म्हणून हल्ला कित्येक दिवस लांबला होता. आठवडाभर आधी एक जर्मन सैनिक पळून फ्रेंचांकडे आला, त्याने नळकांड्यांची माहिती दिली आणि स्वतःजवळची तोंडावर बांधायची पट्टीही दाखवली. तरी वरच्या अधिकाऱ्यांनी ती बातमी गांभीर्याने घेतली नाही.

ढगाचा मुख्य लोट कॅनडाच्या डावीकडे, फ्रेंचांच्या ४५ व्या अल्जीरियन डिव्हिजनवर आणि ८७ व्या टेरिटोरियल डिव्हिजनवर गेला. ही फळी कोसळली. हे सैनिक 'पळाले' असं आजही सहज लिहिलं जातं. ते वाचताना मला राग येतो. त्यांच्याकडे ओल्या फडक्याइतकंही ज्ञान नव्हतं. हवा अचानक विष झाली होती आणि ते काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. शेकडो जण खंदकातच गुदमरून मेले. जे हलू शकले ते घसा धरून कालव्याकडे धावले. पहिल्या ढगाच्या ऐन मध्यावर कॅनडाची बटालियन असती तर तिने वेगळं काय केलं असतं? मला वाटतं, काहीच नाही.

या कोसळलेल्या फळीच्या कडेला मॉन्ट्रियलची १३ वी बटालियन होती. डावी बाजू उघडी पडली तशी तिने आपली फळी काटकोनात वळवली. कॅप्टन गाय ड्रमंड यांना फ्रेंच चांगलं येत होतं. मागे येणाऱ्या अल्जीरियन सैनिकांना थोपवून आपल्यासोबत उभं करण्याच्या खटपटीत ते मारले गेले. थोडं मागे सेंट ज्युलियन गावाजवळ तोफांची एक बॅटरी शत्रूच्या तोंडी सापडली होती. वीस वर्षांचा लान्स कॉर्पोरल फ्रेडरिक फिशर कोल्ट मशीनगन घेऊन पुढे गेला आणि तोफा मागे नेईपर्यंत त्याने शत्रूला रोखून धरलं. दुसरी मशीनगन पुढे नेताना तो मारला गेला. त्याचं प्रेत सापडलं नाही.

अंधार पडला तशी जर्मनांनी चाल थांबवली आणि मिळालेल्या जागेवर खणायला घेतलं. या प्रयोगाकडून त्यांनी एवढ्या यशाची अपेक्षाच केली नव्हती. पाठीमागे मोठं राखीव दल नव्हतं, आणि स्वतःच सोडलेल्या वायूत शिरायलाही ते कचरत होते. ईप्रचा रस्ता त्या रात्री जवळपास मोकळा होता.

रानातला हल्ला

फ्रेंचांनी प्रतिहल्ल्याचा बेत कळवला आणि कॅनडाला साथ मागितली. मध्यरात्रीच्या आसपास १० व्या आणि १६ व्या बटालियनचे सुमारे १,५०० सैनिक संगिनी लावून किचनर्स वुड नावाच्या ओकच्या रानावर गेले. पुढे कुणीही पाहणी केलेली नव्हती. तोफांचा पाठिंबा नाममात्र. माणसं खांद्याला खांदा लावून ओळीत चालत होती, कारण अंधारात दुसरी रचना सांभाळणं त्यांना शिकवलेलंच नव्हतं. रानापासून थोड्या अंतरावर वाटेत एक कुंपण आडवं आलं. त्यात तार होती. ते ओलांडताना आवाज झाला, जर्मनांनी उजेडाचे गोळे उडवले आणि मशीनगन सुरू झाल्या.

तरीही त्यांनी रान घेतलं. रानात ब्रिटिशांच्या, त्या संध्याकाळी हातच्या गेलेल्या, चार जड तोफा होत्या. त्या ओढून आणायला घोडे नव्हते. फ्रेंचांचा हल्ला आलाच नाही, त्यामुळे दोन्ही बाजू उघड्या राहिल्या आणि पहाटेपूर्वी रान सोडून मागे यावं लागलं. हजेरी घेतली तेव्हा निम्म्याहून बरीच कमी माणसं उभी होती. १० व्या बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रसेल बॉइल जखमी झाले आणि पुढे त्यातच गेले. २३ तारखेला पहिल्या ब्रिगेडच्या दोन बटालियननी भर उजेडात, उघड्या उतारावरून असाच एक हल्ला केला. चौथ्या बटालियनचे प्रमुख आर्थर बर्चल त्यात मारले गेले.

शत्रूला आपली संख्या कळू न देणं हा या हल्ल्यांचा एक फायदा होता, आणि जर्मन सावध झाले हेही खरं. पण याच हल्ल्यांमध्ये डिव्हिजनची ताजी माणसं संपली. चोवीसच्या पहाटे भगदाड बुजवायला हाताशी जवळजवळ कुणी उरलं नव्हतं, ते या दोन हल्ल्यांमुळे.

पस्तीस तासांत काय कळलं

पहिला ढग आणि दुसरा ढग यांच्यात पस्तीस तास गेले. या वेळात खंदकातल्या माणसाला जे समजलं ते त्याला वरून कळलेलं नव्हतं. डॉक्टर, रसायनशास्त्र शिकलेले एक-दोन अधिकारी आणि वाचलेले सैनिक यांच्याकडून ते तोंडी पसरत गेलं.

वायू क्लोरीन आहे हे वासावरून, रंगावरून आणि हिरव्या पडलेल्या पितळी बटनांवरून ओळखलं गेलं. टोरोंटोच्या आरोग्य खात्यात काम केलेले जॉर्ज नॅस्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ डिव्हिजनसोबत होते. १४ व्या बटालियनचे डॉक्टर फ्रान्सिस स्क्रिमगर यांचंही नाव या संदर्भात घेतलं जातं. उपाय असा: रुमाल, टॉवेल किंवा काडतुसांचा सुती पट्टा भिजवून नाकातोंडावर दाबायचा. पाणी नसेल तर त्यावर लघवी करायची. क्लोरीन पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओलं कापड त्यातला काही भाग अडवतं. लघवीतली युरिया आणि अमोनिया त्याच्याशी संयोग पावतात, म्हणून ती साध्या पाण्याहून बरी. ऐकताना किळस येते. पण त्या पहाटे कितीतरी जणांचा श्वास यामुळेच चालू राहिला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची होती. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो. तो खड्ड्यात, चरात, जमिनीलगत साठतो. जो खाली आडवा पडला किंवा मागे धावला तो ढगाबरोबरच राहिला आणि दम लागल्यामुळे त्याने जास्त वायू आत घेतला. बांधाच्या पायरीवर उभा राहून जो जागेवर थांबला, त्याच्यावरून ढग लवकर निघून गेला. तोफगोळे पडत असताना डोकं वर काढून उभं राहायचं, हे सैनिकाच्या सगळ्या शिकवणीच्या उलट होतं. कुणीतरी विश्वासाने सांगितल्याशिवाय माणूस तसं करणार नाही. छापील हुकूम निघण्याच्या आधी हे एका खंदकातून दुसऱ्यात पोचलं, ही मला या प्रकरणातली सगळ्यात थोर गोष्ट वाटते.

दुसरा ढग

चोवीसच्या पहाटे तोफांचा भडिमार झाला आणि लगेच ढग आला. ८ व्या आणि १५ व्या बटालियनच्या सैनिकांनी फडकी तोंडाला लावली. तरी कित्येक जण जागीच कोसळले. ज्यांनी श्वासात थोडा वायू घेतला त्यांचे डोळे सुजून मिटले आणि ते खोकत खोकत बांधाला टेकले. फुप्फुसात क्लोरीन ओलाव्याला लागतो तेव्हा आम्ल तयार होतं, त्याने आतली त्वचा जळते आणि फुप्फुसं पाण्याने भरत जातात. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो, काही वेळा एक-दोन दिवस घेऊन.

ढगामागून जर्मन पायदळ आलं. ढगाने सगळं संपवलं असेल अशी त्यांची खात्री होती. ८ व्या बटालियनचे प्रमुख लुई लिपसेट यांनी तोफखान्याला मदतीचा इशारा दिला आणि त्यांच्यासाठी नेमलेल्या बॅटरींनी चालून येणाऱ्या रांगांवर शार्पनेलचे, म्हणजे हवेत फुटून छर्रे उधळणारे, गोळे टाकायला सुरुवात केली. बांधावर उभं राहू शकणाऱ्यांनी रायफली चालवल्या. जर्मनांची पहिली चाल तिथेच अडली.

शेजारी १५ व्या बटालियनच्या माणसांनीही तोफा मागितल्या. पण ती तिसऱ्या ब्रिगेडमधली, आणि त्या ब्रिगेडच्या मागच्या बॅटरी २२ तारखेच्या धक्क्यानंतर मागे हलवाव्या लागल्या होत्या. नव्या जागेवरून १५ व्या बटालियनच्या पुढची जमीन त्यांच्या माऱ्यात येतच नव्हती. वायूने अर्धमेल्या झालेल्या माणसांसमोर शत्रूच्या रांगा आल्या आणि त्यांना अडवायला त्यांच्या हातातल्या, अडकणाऱ्या रायफलीखेरीज काही नव्हतं. फळी फुटली ती इथे.

कारण एवढं साधं आहे. एका खंदकामागे तोफा पोचत होत्या, दुसऱ्यामागे नव्हत्या. ढगाची दाटी जागोजागी कमीजास्त होती हेही धरावं लागेल. पण विनिपेगची माणसं चिवट आणि टोरोंटोची कच्ची असा निष्कर्ष काढायला कसलाही आधार नाही.

८ व्या बटालियनच्या कंपनी सार्जंट मेजर फ्रेडरिक हॉलची गोष्ट याच जागेवरची. खंदकापासून काही पावलांवर एक जखमी हाका मारत होता. हॉलने आधीच्या रात्री दोघांना ओढून आणलं होतं. सकाळी दोन सोबत्यांसह तो पुन्हा निघाला. दोघेही जखमी झाले तेव्हा तो एकटा सरपटत गेला, जखमीला पाठीवर घेतलं आणि मान वर करून वाट पाहताना त्याच्या डोक्यात गोळी लागली. ज्याला आणायला गेला तोही वाचला नाही. विनिपेगमधल्या हॉलच्या पाइन स्ट्रीटवरच राहिलेल्या आणखी दोघांना याच युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्या रस्त्याचं नाव पुढे व्हॅलर रोड ठेवलं गेलं.

१५ व्या बटालियनच्या मागे, कीरसेलारच्या चौकाजवळ, ७ वी बटालियन होती. भगदाडातून आलेले जर्मन तिच्यावर आदळले. तिथे मशीनगन अधिकारी लेफ्टनंट एडवर्ड बेल्यू आणि सार्जंट ह्यू पीअरलेस दोन मशीनगन घेऊन उंचवट्यावर बसले होते. आपल्या वाचकांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे या बेल्यूंचा जन्म मुंबईत, मलबार हिलवर, १८८२ मध्ये झाला होता. मदत येणार नाही हे दिसत असतानाही दोघे जागेवरून हलले नाहीत. पीअरलेस मारले गेले. बेल्यू जखमी होऊन पडले, पुन्हा उठून दारूगोळा संपेपर्यंत गोळ्या झाडत राहिले, मग मशीनगन शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिचा चुरा केला आणि कैद झाले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये जाहीर झाला.

अडकणारी रायफल

कॅनडाच्या पायदळाकडे रॉस रायफल होती. तिचा बोल्ट सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा, पिळायचा नाही. निशाणबाजीच्या मैदानावर ती अचूक होती, आणि कॅनडातच बनत असल्याने तिच्याशी देशाभिमान जोडला गेला होता. संरक्षणमंत्री सॅम ह्यूज तिचे कट्टर पाठीराखे होते.

खंदकात मात्र ती दगा देई. तिची काडतूस बसायची जागा मापाने घट्ट, तर ब्रिटनमध्ये बनलेली काडतुसं मापाने किंचित मोठी. भराभर गोळ्या झाडल्या की नळी तापे, रिकामं काडतूस आत चिकटे आणि बोल्ट निघता निघत नसे. चिखल लागला की आणखी वाईट. बोल्टचा पिळापिळीचा जोर नसल्यामुळे ते काडतूस सुटायला मदतच नव्हती. त्या पहाटे माणसं बोल्टवर बुटाची टाच मारत होती, खोऱ्याच्या दांड्याने ठोकत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय, छाती जळतेय, शंभर-दोनशे पावलांवर शत्रू आलाय आणि हातातलं हत्यार उघडत नाही, ही अवस्था डोळ्यांसमोर आणून पाहावी.

लढाईनंतर मोजणी झाली. वाचलेल्या सुमारे ५,००० पायदळ सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस फेकून देऊन मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड रायफली उचलल्या होत्या. हा आकडा कुठल्याही तज्ज्ञ समितीच्या अहवालापेक्षा मला जास्त बोलका वाटतो. सैनिकाला हत्यार टाकल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, हे त्या प्रत्येकाला माहीत होतं.

न पोचलेले निरोप

तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. निरोप पायी जात, आणि ते नेणारी माणसं वाटेत मरत. सेंट ज्युलियन पडायच्या बेतात असताना टर्नर यांना वरून मजबुतीबद्दल आदेश मिळाला. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की मागच्या राखीव फळीवर, म्हणजे तथाकथित जीएचक्यू लाइनवर, माघार घ्यायची आहे. त्यांनी ब्रिगेड मागे घेतली. सेंट ज्युलियनमधली माणसं एकटी पडली आणि संपली. उजवीकडे करींच्या दुसऱ्या ब्रिगेडची डावी बाजू पूर्ण उघडी झाली.

करींनी मग जे केलं त्यावर कॅनडात वर्षानुवर्षं वाद झाले. मदत मागवूनही येईना तेव्हा ते स्वतःचं ठाणं सोडून मागे गेले आणि जवळच्या ब्रिटिश डिव्हिजनच्या जनरल स्नो यांच्याकडे बटालियन मागितल्या. स्नो यांनी मदत न देता त्यांनाच झापलं. लढाईच्या मध्यावर ब्रिगेडच्या प्रमुखाने जागा सोडावी का? नियमाने नाही. पण ज्याच्या तारा तुटल्यात, ज्याचे निरोप्ये परत येत नाहीत आणि ज्याचे सैनिक तासातासाला कमी होत आहेत, त्याच्यापुढे दुसरा रस्ता कुठला होता? करींनी जागा सोडण्याला मी चूक म्हणणार नाही. चूक त्या व्यवस्थेची होती, जिच्यात अर्धा तास आधी लागणारी माहिती दुपारपर्यंत पोचत नव्हती.

२५ तारखेला टर्नर यांच्या ठाण्यावर, माऊसट्रॅप फार्मवर, गोळे पडून आग लागली. तिथल्या तबेल्यात जखमींची शुश्रूषा चालली होती. डॉक्टर स्क्रिमगर यांनी सगळे जखमी बाहेर काढले आणि शेवटच्या एका अधिकाऱ्याला स्वतः पाठीवर घेऊन बाहेर आणलं. पुढे चालवेना तेव्हा त्याच्यावर आपलं शरीर झाकून ते भडिमार संपेपर्यंत पडून राहिले.

लाहोरहून आलेले

२६ एप्रिलला भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन या भागात हल्ल्याला उतरली. फ्रान्समधल्या न्यू शापेलच्या बाजूकडून ती चालत चालत आली होती. पंजाबी, शीख, पठाण, बलुची, गुरखे आणि त्यांच्यासोबतच्या ब्रिटिश बटालियन. उघड्या उतारावर त्यांच्यावरही क्लोरीन सोडला गेला. पठाण जमादार मीर दस्त यांनी आपली माणसं गोळा करून अंधार पडेपर्यंत जागा धरली आणि माघारीत आठ जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूचा त्रास त्यांना उरलेलं आयुष्यभर राहिला. लाहोर डिव्हिजनने या लढाईत सुमारे ३,९०० माणसं मृत, जखमी वा बेपत्ता अशी गमावली.

हे इथे आवर्जून लिहितो, कारण त्याआधी नऊ महिने, जुलै १९१४ मध्ये, कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरातून 'कोमागाता मारू' हे जहाज ३७६ पैकी बहुतेक भारतीय प्रवाशांसकट परत हाकललं गेलं होतं. त्यातले बरेच जण पंजाबी, आणि काही तर साम्राज्याच्या फौजेत नोकरी केलेले. ज्या देशाने त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, त्याच देशाच्या दमलेल्या फळीला आधार द्यायला पंजाबचेच सैनिक ईप्रला आले. कॅनडाच्या शाळांत ही लढाई शिकवताना हे दोन्ही एकत्र सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

नंतर

मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनचे ६,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा कैद झाले होते, म्हणजे तीनामागे एक. मेलेले सुमारे २,०००. कीरसेलारच्या चौकात आता अकरा मीटर उंच ग्रॅनाइटचा खांब आहे. वरच्या टोकाला मान खाली घालून, उलट्या धरलेल्या बंदुकीवर हात टेकून उभा सैनिक. फ्रेडरिक क्लेमेशा यांची ही रचना १९२३ मध्ये उभी राहिली.

वायूविरुद्धचं संरक्षण झपाट्याने सुधारलं. सुती पट्ट्या आल्या, मग न्यूफाउंडलंडचे डॉक्टर क्लुनी मॅकफर्सन यांनी रसायनात भिजवलेल्या कापडाची, डोळ्यांपुढे पारदर्शक खिडकी असलेली डोक्यावरून घालायची पिशवी तयार केली आणि १९१५ च्या उन्हाळ्यात ती सैनिकांना मिळू लागली. तोफांचा धडाही घेतला गेला. दोन वर्षांनी फ्रान्समधल्या व्हिमीच्या टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन एकत्र उतरल्या तेव्हा शत्रूच्या तोफा आधीच हेरून निकामी केलेल्या होत्या, पायदळापुढे गोळ्यांची भिंत ठरल्या वेळेने सरकत होती आणि प्लॅटूनपर्यंत नकाशे वाटलेले होते. करी तोवर डिव्हिजनचे प्रमुख झाले होते. त्यांनी पुढे कॅनेडियन कोअर, म्हणजे या चारही डिव्हिजन, सांभाळली, आणि जुलै १९१७ मध्ये लाँस शहरावर थेट हल्ल्याचा आदेश आला तेव्हा आधी शेजारची ७० नंबरची टेकडी घेण्याचा आग्रह धरून तो बदलून घेतला.

रायफलीला सर्वात जास्त वेळ लागला. पहिल्या डिव्हिजनला जून १९१५ मध्ये ली-एनफील्ड मिळाल्या, कारण तिने रॉस हातात धरायचंच नाकारल्यासारखं होतं. पण मागून आलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डिव्हिजन त्याच रॉस घेऊन फ्रान्समध्ये उतरल्या. ह्यूज मंत्रिपदावर होते, तक्रारी ओटावाला पोचत होत्या, उत्तर म्हणून रायफलीची काडतूस बसायची जागा थोडी मोठी करण्यात आली. संपूर्ण कॅनेडियन पायदळाच्या हातातून ती काढून घ्यायला १९१६ चा उन्हाळा उलटून जावा लागला. ह्यूज यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पद सोडावं लागलं. रॉस नंतरही काही निवडक नेमबाजांकडे राहिली. स्वच्छ ठेवून, एकेक गोळी सावकाश झाडायची असेल तर ती उत्तम होती.